काका, तुम्ही माझं बोट त्या कोंबावर टेकवलंत

प्रिय काका,

समोर बोलायला आले की माझा गळा दाटून येतो, म्हणून लिहून सांगतेय. आणि सगळ्यांसमोर सांगतेय, कारण हे चार लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

आईचा होस्टा, म्हणजे सावलीत वाढणारं, पानांच्या शोभेसाठी लावतात ते झाड, मी टाकून द्यायला निघाले होते. आई गेल्यावर तिच्या बागेतून ती एकच कुंडी मी उचलून आणली होती, निळसर, पंजाएवढ्या पानांची. पहिल्याच उन्हाळ्यात पानांच्या कडा करपल्या. एका नर्सरीत विचारायला गेले, तर तिथल्या माणसाने कुंडीकडे धड पाहिलंही नाही. "ऊन कमी पडतंय," म्हणाला आणि खताची पिशवी माझ्या हातात ठेवली. मी कुंडी उन्हात सरकवली, तसं करपणं आणखी वाढलं. दुसऱ्याने भरपूर पाणी घालायला सांगितलं. पुढे सगळी पानं पिवळी पडून लोळागोळा झाली, थंडीत नुसती माती उरली, आणि तिसऱ्याने लांबूनच निकाल दिला: "मेलं ते. कुंडी दुसऱ्या झाडाला वापरा."

तिघांपैकी एकानेही मातीला हात लावला नाही. त्याचा राग अजून जात नाही माझा.

थंडी सरत आली होती. मी कुंडी उपडी करायला अंगणात आणली आणि कुंपणापलीकडून तुम्ही "थांबा, थांबा" म्हणालात. गुडघे दुखतात तुमचे, तरी ओल्या जमिनीवर बसलात. खुरपं मागितलं नाहीत. दुधावरची साय सारावी तशी बोटाच्या पेराने वरची माती बाजूला केलीत. मग माझा हात धरून माझंच बोट त्या खळग्यात टेकवलंत. "हलकेच दाबा. पचपचीत लागलं तर कुजलं, टणक लागलं तर जिवंत आहे."

टणक लागलं. जांभळट, टोकदार, करंगळीच्या टोकाएवढं. शेजारी आणखी दोन.

काका, तुम्ही स्वतः बघून "आहे जिवंत" एवढं म्हणाला असतात तरी मी विश्वास ठेवला असता. पण तुम्ही मला ते हाताला लागू दिलंत. आईला जाऊन दहा महिने झाले होते, आणि तिने लावलेलं काहीतरी माझ्या बोटाखाली वर यायची वाट बघत होतं. तुम्ही तेव्हा मान वळवून कुंपणाकडे बघत बसलात, मला रडू दिलंत. तेही माझ्या लक्षात आहे.

बाकीचं तुम्ही ओघाओघात शिकवत गेलात. हे झाड मूळचं चीन, कोरिया, जपानकडचं. त्याला सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं सोसत नाही. हिवाळ्यात ते मरत नाही, निजतं, आणि काही आठवडे खरी थंडी मिळाली नाही तर पुढच्या वर्षी खुरटतं. झोपलेल्या गड्ड्याला थंडी मारत नाही, कुंडीत साचलेलं पाणी मारतं. ती निळाई पानावरच्या मेणासारख्या थराची असते, हेही तुमच्याकडूनच कळलं. मी मायेने ओल्या फडक्याने पानं पुसत होते आणि तीच निळाई पुसून टाकत होते! तुम्ही हसला नाहीत. "पाणी बुंध्याशी घाला, सकाळी," एवढंच म्हणालात.

पानं उलगडायला लागली आणि अवचित एक गोठवणारी रात्र आली. रात्री दहाला तुम्ही दार वाजवलंत: "कुंडी झाकली का?" पावसाळी रात्री टॉर्च घेऊन तुम्ही माझ्याबरोबर शेंबड्या गोगलगायी वेचल्यात. कोण करतं हो एवढं?

आणि एकदा तुम्ही मला न आवडणारंही सांगितलंत. "दुर्मिळ नक्षीचा" म्हणून घेतलेला दुसरा होस्टा मी कौतुकाने दाखवला. शिरांच्या कडेने शाई फुटावी तशी हिरवी रेघ होती. तुमचा चेहरा उतरला. होस्टा व्हायरस एक्स, म्हणालात. १९९६ साली ओळखला गेलेला, सुरीला लागलेल्या रसातून पसरणारा, औषध नसलेला. अशी रोगट रोपं पूर्वी नवीन जाती म्हणूनही विकली गेली आहेत. "हा मुळांसकट काढा, नाहीतर आईचा जाईल." विकणाऱ्याने गोड बोलून माझ्या गळ्यात मारलेलं तुम्ही खरं बोलून काढून घेतलंत. पुष्कळांना पुष्कळ माहिती असते, काका. ती सांगताना समोरच्याचं काय होतंय याची काळजी घेणारं माणूस फार क्वचित भेटतं. मला ते कुंपणापलीकडेच भेटलं.

त्या तीन कोंबांचे यंदा अकरा झालेत. काल मी एकेक बोटाने मोजले. पानं उलगडायच्या आत गड्डा फोडायचं ठरवलंय. सुरी आधी नीट स्वच्छ करेन, विसरणार नाही. तुमच्या पायरीच्या डाव्या अंगाला, जिथे दुपारचं ऊन पोचत नाही, तिथे एक जागा मोकळी ठेवा. पहिला वाटा तुमचा.

तुमची,
कुंपणापलीकडची