पॉलिमेरिक म्हणून विकलेला विनाइल रोल आकसतोय, त्याबद्दल तक्रार

प्रति,
क्वालिटी विभाग आणि कस्टमर केअर

नमस्कार,

फोन करून झाले, व्हॉट्सॲपवर फोटो टाकून झाले, तिकडून 'नोटेड सर' आलं आणि पुढे सगळं थंड. म्हणून आता नीट लिहून पाठवतोय, डीलरलाही हेच पत्र जातंय म्हणजे नंतर 'आम्हाला माहितीच नव्हतं' असं कोणी म्हणायला नको.

माझं चिपळूणला स्टिकर आणि बोर्डाचं दुकान आहे, लोक अजून रेडियमवालाच म्हणतात. इको सॉल्व्हंट प्रिंटर, कोल्ड लॅमिनेशन, कटिंग प्लॉटर (स्टिकर कापायचं मशीन), एवढाच पसारा. गाड्यांवरचं काम जास्त, म्हणून उन्हात जास्त आकसणारा स्वस्तातला मोनोमेरिक माल न घेता तुमचा कमी आकसणारा पॉलिमेरिक व्हाइट ग्लॉस विनाइल (स्टिकरची प्लास्टिक फिल्म) घेतो, त्याचे जास्तीचे पैसे मोजतो आणि गिऱ्हाइकाकडूनही घेतो. आधीचे रोल चांगले निघाले हे पण सांगतो, उगाच नावं ठेवायची नाहीत. भानगड या शेवटच्या बॅचमध्ये आहे, बॅच नंबरच्या लेबलचा फोटो आणि जीएसटी बिल जोडलंय.

झालं काय, इथल्या एका पाणीवाल्याच्या टेम्पोला 'शुद्ध पाणी' असं निळ्या शेडमध्ये प्रिंट मारून अक्षरांच्या कडेने कट करून लावलं. लावलं तेव्हा एकदम क्लीन. थोड्या दिवसांनी टेम्पो दुकानासमोर उभा राहिला तर प्रत्येक अक्षराभोवती काळी रेघ, पेनने गिरवल्यासारखी, 'शु'च्या खालच्या उकारात तर जास्तच. नख लावून बघितलं तर तो गम. विनाइल आत सरकलंय, गम पत्र्यावर तसाच उघडा राहिलाय आणि त्याच्यावर रस्त्याची धूळ बसलीय. पाणीवाला म्हणतो शुद्ध पाणी लिहिलंय आणि अक्षरंच मळकी, लोक माझं पाणी घेतील का? त्याला काय उत्तर देणार, काढून दुसरं लावून दिलं, माल माझा, मजुरी माझी.

तुमचा माणूस आला, त्याने प्लॉटर बघितला आणि अलाइनमेंट आउट आहे, ब्लेड बदला, असं सांगून चहा पिऊन गेला. अहो, अलाइनमेंट गेली तर कड पांढरी दिसते, काळी नाही! कट बाजूला सरकला की एका बाजूला न छापलेलं विनाइल राहतं आणि दुसऱ्या बाजूला प्रिंट कापली जाते. इथे चारी बाजूंनी सारखी प्रिंट शाबूत आहे आणि बाहेर गम. त्यातून मी २ मिमी ब्लीड देतो, म्हणजे कटच्या रेषेबाहेरही तेवढी प्रिंट वाढवून ठेवतो. प्लॉटरचा डोळा चार कोपऱ्यांचे मार्क वाचून मगच कापतो, शीट तिरकी बसली असेल किंवा मापात थोडा फरक असेल तर तो तिथेच सांभाळून घेतो. ग्लॉस लॅमिनेशनवर लाइट चमकून डोळा मार्क चुकवतो हे मलाही माहिती आहे, त्यासाठी मार्कवर मॅट टेप लावून काम करतो. आणि ब्लेड बोथट असतं तर कड फाटली असती, सोलताना कोपरे उचलले असते. माझी कड धारदार आहे, फक्त जागेवर राहत नाही.

मग फोनवर दुसरं कारण आलं की शाई न सुकवता लॅमिनेशन केलं असणार, सॉल्व्हंट आत अडकून गमपर्यंत गेलं. हे होतं, नाही म्हणत नाही, पण म्हणूनच आमच्याकडे प्रिंट २४ तास मोकळी टांगल्याशिवाय लॅमिनेटरवर जात नाही, पावसात तर ४८. तिसरं कारण कोकणातली हवा. हवेने मागचा कागद फुगतो, शीटला लाटा येतात, फीड तिरकं जातं, बरोबर. पण गाडीवर लावल्यावर मागचा कागद असतो कुठे? आणि तुमचाच जुना रोल याच दुकानात, याच पावसात त्याच रॅकवर पडून आहे, त्याला ही हवा बाधत नाही वाटतं.

म्हणून मी प्रिंटर, शाई, लॅमिनेशन, प्लॉटर सगळंच बाजूला ठेवून टेस्ट घेतली. ॲल्युमिनियमच्या एकाच पत्र्यावर जुन्या रोलचा एक कोरा तुकडा आणि नव्या बॅचचा एक कोरा तुकडा शेजारी शेजारी चिकटवला, दोन्हीवर कटरने आरपार फुलीचा छेद दिला, आणि शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याच्या भट्टीत ७० डिग्रीला ठेवला (त्याच्या वेळेप्रमाणे, त्याचं पण काम असतं). जुन्याची फुली केसाएवढी राहिली, शोधावी लागते. नव्याची उघडली, रोलच्या लांबीच्या दिशेने १ मिमीच्या वर आणि रुंदीत त्याहून कमी. तुमच्या स्वतःच्या डेटाशीटवर ०.४ मिमीच्या आत लिहिलंय. स्टीलची पट्टी ठेवून फोटो काढलाय, झूम करून बघा.

लांबीत जास्त आणि रुंदीत कमी, याचा अर्थ तुम्हाला मी सांगायला पाहिजे असं नाही. कॅलेंडर फिल्म गरम रोलरमधून ओढून बनते, तो ताण आत राहतो आणि ऊन लागलं की ती मागे येते, मोनोमेरिकमध्ये हे जास्त. मग एक तर कार्टनवर चुकीचं लेबल लागलंय नाहीतर बॅचच खराब आहे. कोऱ्या तुकड्याला शाई नाही, ब्लेड नाही, आता दोष कोणाला देणार?

डीलर वर मला ऐकवतो की तुम्ही धंद्यासाठी माल घेता, तुम्ही ग्राहकच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगार करून पोट भरण्यासाठी घेतलेला आणि वापरलेला माल व्यापारी हेतूत धरत नाहीत. दुकान मी आणि बायको दोघं चालवतो, नोकर नाही. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी पण लागत नाही आणि तक्रारीला २ वर्षांची मुदत असते. तिथपर्यंत जायची मला हौस नाही, गणपतीच्या ऑर्डरी डोक्यावर आहेत आणि आत्ता कोणतं विनाइल मशीनला लावायचं हाच प्रश्न आहे.

मला पाहिजे ते असं. या बॅचचे जे रोल माझ्याकडे आहेत, एक अर्धा वापरलेला आणि बाकी सीलबंद, ते परत घ्या आणि दुसऱ्या बॅचचे द्या, नाहीतर क्रेडिट नोट द्या. बॅचचा टेस्ट रिपोर्ट लेखी पाठवा, 'नोटेड सर' नको. टेम्पोचं काम परत करावं लागलं त्याच्या मालाचा आणि लॅमिनेशनचा खर्च द्या, हिशोब जोडलाय, त्यात मजुरी धरलेली नाही. आणि हीच बॅच खेड, गुहागरकडे कोणाला गेली असेल तर त्यांना आधी कळवा, त्यांनी गाड्यांवर लावायच्या आत.

माणूस पाठवणार असाल तर सकाळी अकराच्या आत पाठवा, नंतर मी फिटिंगला बाहेर असतो. फुली मारलेला पत्रा दुकानात ठेवलाय, तो नेऊ देणार नाही, फोटो काय ते काढा.

आपला,
स्टिकर आणि रेडियम वर्क्स, चिपळूण

सोबत: बिल, बॅच लेबल, टेम्पो आणि टेस्टचे फोटो, खर्चाचा हिशोब