घर्षणाला आधी ‘किती लागतंय’ विचारायला शिकवणाऱ्या ताईला

प्रिय ताई,

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय. इंजिनिअरिंग मेकॅनिक्सला घाबरून बसलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींपर्यंत तुझी पद्धत पोचावी, असं फार वाटतं.

३० अंशांचा उतार, त्यावर २० किलोचा ठोकळा, स्थितिक घर्षणांक (ठोकळा घसरण्याआधी पृष्ठभाग किती पकड देऊ शकतो याचं माप) ०.४. ठोकळ्याला बांधलेली दोरी उताराला समांतर वर जाते आणि गुळगुळीत कप्पीवरून पलीकडे उतरते. तिच्या टोकाला १० किलोचं वजन. घर्षण किती? घर्षणांक गुणिले उताराने ठोकळ्याला दिलेला लंब आधार, या सूत्रात आकडे घातले की ६८ न्यूटन येतात. पण तू सूत्राला हातच लावू दिला नाहीस. “आधी ठोकळा मोकळा काढ,” म्हणालीस. उतार पुसायचा, दोरी कापायची आणि जिथे जिथे स्पर्श तुटला तिथे त्या बलाचा बाण काढायचा. दोरी फक्त ओढते, ढकलत कधीच नाही, म्हणून ताणाचा बाण ठोकळ्यापासून दूरच जाणार. घर्षणाचा बाण मात्र तू शेवटपर्यंत काढू दिला नाहीस.

मग हिशोब. वजनाचा उताराच्या दिशेचा भाग ९८.१ न्यूटन, दोरीचा ताणही ९८.१. घर्षण शून्य! ठोकळा खडबडीत उतारावर आहे आणि तरी घर्षणाला काही कामच नाही.

तिथेच थांबली असतीस तरी पुरे होतं. पण तू टांगलेलं वजन १२ किलो केलंस, तर घर्षण १९.६ न्यूटन आणि उताराच्या खालच्या दिशेला. ६ किलो केलंस, तर ३९.२ आणि वरच्या दिशेला. साधारण ३.१ किलोपासून १६.९ किलोपर्यंत काहीही टांगा, ठोकळा जागचा हलत नाही. ते ६८ न्यूटन खरे ठरतात फक्त या दोन टोकांना, ठोकळा घसरायच्या अगदी बेतात असताना. मधे सगळीकडे घर्षण गरजेपुरतंच. म्हणून आधी समतोलाची समीकरणं मांडून लागणारं घर्षण काढायचं, मग ते मर्यादेत बसतं का ते पाहायचं. हा क्रम इतका स्वच्छ मला दुसऱ्या कुणी सांगितला नव्हता.

धक्क्यावरच्या खुंट्याला दोरीचे वेढे घालून एकटा खलाशी मोठी बोट कशी धरतो, तेही तूच दाखवलंस. तिथे ताण दोन्हीकडे सारखा नसतो. घर्षणांक ०.३ धरला, तर ऑयलरच्या सूत्रानुसार एका वेढ्याला हाताच्या जोराच्या सुमारे ६.६ पट, दोनला ४३ पट आणि तिसऱ्याला थेट २८५ पट ओढ पेलता येते. ते आकडे बघून मी किती वेळ वहीकडे पाहत राहिले होते!

तुझं स्वतःचं सबमिशन तोंडावर होतं, तरी रोज रात्री जेवणानंतर तू माझ्यासाठी बसलीस. त्याबद्दल मनापासून आभार, ताई.

तुझी,
धाकटी रूममेट