बिदरच्या उस्तादांना: सुरईबद्दल आणि एका पुडीबद्दल

उस्ताद, सलाम आणि नमस्कार.

आमची जुनी बिदरी सुरई, काळ्या धातूत चांदीची तार ठोकून नक्षी केलेली, तुमच्या हातून दुरुस्त होऊन सुखरूप पोचली. भालकी, कमलनगर, उदगीर, सगळा रस्ता रेल्वेत मांडीवरच होती. बैठकीतला कोनाडा कधीचा रिकामा होता, परवा तिथे ती परत बसली. येणारा जाणारा विचारतो, नवी घेतली का? नवी कुठली! ती अहेरात आली तेव्हा उदगीर बिदर जिल्ह्यातच होतं. १९५६ साली उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके इकडे आले आणि बिदर पलीकडे राहिलं. राज्यं वेगळी झाली म्हणून बिदरीचं दुखणं काही दुसऱ्या गावाला कळत नाही. ते आम्हाला उशिरा कळलं, पैसे घालवून.

तुमच्याकडे येण्याआधी दुरुस्तीसाठी दोन दुकानं झाली. नावं घेत नाही. पहिल्याने चकाकी आणतो म्हणून सुरई सरळ बफच्या, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरली. बिदरी म्हणजे १६ भाग जस्ताला साधारण १ भाग तांबं. तिचा काळा हा वरून दिलेला रंग नसतो, त्या धातूचीच कातडी असते. चाकाने ती सोलली आणि सुरई स्टीलच्या तांब्यासारखी पांढरी पडली. चूक लपवायला त्याने काळा ऑइलपेंट मारला. तो ओळखणं सोपं असतं: चांदीच्या पाकळीच्या कडेवर रंग चढलेला दिसतो, आणि कापसाच्या बोळ्याला थिनर लावून पुसलं की बोळा काळा होतो. खऱ्या बिदरीवर बोळा तसा होत नाही. दुसऱ्याने निसटलेल्या तारांच्या जागी कुठलीशी पांढरी तार झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवली. बिदरीत तार चिकटवत नाहीत, ठोकून बसवतात, एवढंही ज्याला ठाऊक नाही त्याने 'होऊन जाईल' म्हणावं, याचा राग अजून जात नाही.

तुम्ही 'होऊन जाईल' म्हणाला नाहीत. सुरई उजेडात फिरवली, बुडाला नख लावून बघितलं आणि आधी काय होणार नाही ते सांगितलंत. बुडाची केसाएवढी चीर तशीच राहील. जस्त ४१९ अंशांना वितळतं. सोनाराची ज्योत लागली तर चीर सांधायच्या आधी बूडच बसेल. हे पहिल्या पाच मिनिटांत, पैशाचं बोलणं निघायच्या आधी.

पुढचं काम जाणणाऱ्याला सांगायची गरज नाही, पण दोन गोष्टी लिहून ठेवतो, कारण घरोघरी अशा सुरया पडून आहेत. रंग उतरवल्यावर तुम्ही मोरचुदाचं पाणी फिरवलंत. पांढऱ्या जस्तावर जुन्या खाचा दिसत नाहीत. मोरचुदाने तेवढ्यापुरता पृष्ठभाग काळवंडतो आणि कोरायच्या कलमाची रेघ उजळ उठते. मग खाचांत दगड झालेला गोंद. तो खरवडताना खाच रुंदावते, आणि रुंद खाचेत जुन्या जाडीची तार धरत नाही, म्हणून दोन वेलींना तुम्ही मुद्दाम जाड तार घेतलीत. तारही शुद्ध चांदीची, तापवून मऊ केलेली. दागिन्यातली कडक चांदी ठोकली तरी उसळून बाहेर येते. आणि काळा करायचा तर सगळ्या सुरईला. फक्त दुरुस्त केलेल्या जागी केला तर तो डाग दिसतो, म्हणून आधी अख्खं अंग हाताने, बारीक पॉलिश पेपरने सारखं केलंत. किल्ल्यातली ऊन-पाऊस न लागलेली माती जिभेला लावून पारखलीत, नवसागराबरोबर उकळलीत, आणि कोमट सुरईवर ती फिरली तशी चांदी पांढरी राहून बाकी सगळं काळंभोर होत गेलं. 'रंग हम नहीं देते, मिट्टी देती,' एवढंच म्हणालात.

पण पत्र त्यासाठी नाही. पत्र पुडीसाठी आहे.

पैसे दिल्यावर तुम्ही गल्ल्यामागून वर्तमानपत्राची एक पुडी काढलीत. आत जुन्या चांदीच्या तारेचे वाकडे तुकडे आणि कानशीतून पडलेला करडा कीस, जस्तात मिसळलेला. पुडीवर पेन्सिलीने वजन: अर्धा ग्रॅम. आमच्या उपयोगाचा त्यात कणही नाही, तुम्हालाही तो गाळून फार काही मिळालं नसतं. 'आपकी चीज है,' म्हणालात आणि गिऱ्हाइकाकडे वळलात. पहिल्या दुकानात पाकळ्याच्या पाकळ्या गेल्या होत्या; त्या कुठे गेल्या, असं विचारलं तर 'घासताना उडतातच' असं उत्तर मिळालं होतं. अर्धा ग्रॅम तोलायला तुम्ही काटा काढलात, त्यातल्या चांदीपेक्षा तुमचा तो वेळ महाग होता.

बिदरीला २००६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ साली बिदरी कारागीर शाह रशीद अहमद कादरींना पद्मश्री मिळाली, चांगलं झालं. पण सन्मान नव्या वस्तूंचं मोल वाढवतो. जुनी, कोणाच्या तरी घरातली, कमाई न देणारी सुरई चार दिवस समोर ठेवून बसणारा माणूस वेगळाच लागतो. आपल्याकडे अशी माणसं अजून आहेत: कापड उरलं तर चिंधी परत देणारा शिंपी, चुकून जास्त आलेली नोट मागे धाव घेऊन देणारा भाजीवाला. फक्त त्यांच्या दुकानावर मोठी पाटी नसते, म्हणून आपण आधी पाटीवाल्याकडे जातो.

तुम्ही सांगितलेलं पाळतो आहोत. सुरईत पाणी-फुलं नाहीत. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर तिच्या वाऱ्यालाही नाही. काळा रंग करडा वाटला तर खोबरेल तेलाचा एक थेंब बोटावर घेऊन अंगभर फिरवायचा आणि सुती फडक्याने पुसून काढायचा. पुडी सुरईच्या पोटातच ठेवली आहे, वजनासकट.

आणि बुडाची चीर: तिच्या दोन्ही टोकांना तुम्ही सुईने बारीक खूण केली होती, वाढली तर कळावं म्हणून. परवा भिंग लावून बघितलं. दोन्हीकडे खुणेच्या आतच आहे.