चित्रपटाच्या नावापुढे वर्ष छापावे

माननीय संपादक,
स. न.

दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमपत्रिकेत मध्यंतरी 'अंदाज' एवढेच नाव वाचून माझी आई नौशाद यांची गाणी ऐकायला मिळतील म्हणून चष्मा पुसून वेळेआधीच येऊन बसली आणि पडद्यावर अक्षय कुमार दिसताच काही न बोलता उठून गेली. तिला हवा होता तो मेहबूब खान यांचा, नर्गिस, दिलीपकुमार आणि राज कपूर यांचा 1949 चा 'अंदाज'. त्याच नावाचा रमेश सिप्पी यांचा चित्रपट 1971 मध्ये आला आणि आणखी एक 2003 मध्ये. तिन्हींच्या कथांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही.

'देवदास'ची गोष्ट वेगळी. तेथे कादंबरी एकच असल्याने 1935, 1955 आणि 2002 या तिन्ही चित्रपटांना तेच नाव शोभते. परंतु कथा वेगळी असताना केवळ नाव सारखे असले, तर जुनी कलाकृती नव्या जाहिरातींखाली पार झाकली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

निव्वळ शीर्षकावर स्वामित्वहक्क सांगता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये 'देसी बॉईज' प्रकरणात दिला आहे. 'अंदाज'सारखे रोजच्या वापरातले शब्द कोणा एकाच्या मालकीचे नसावेत, हे मलाही पटते. म्हणूनच चित्रपटाचा उल्लेख करताना आपल्या दैनिकाने नावापुढे वर्ष आणि दिग्दर्शकाचे नाव न चुकता छापावे, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक नियमित वाचक