आजीचे पाय

प्रिय बाळा,

सलाम. आजीच्या मातीच्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "देवाने त्यांना दुःखातून शुद्ध केलं," आणि तू ताडकन उठून बाहेर गेलीस. तेव्हापासून तू उपासनेला जात नाहीस. मी रागावले नाही. मलाही ते वाक्य टोचलं होतं.

तीन महिने मी आजीच्या उशाशी होते. कळ आली की ती पदराचा बोळा दातांत धरायची, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. त्या कळेत पवित्र काहीच नव्हतं. म्हणून तर मी औषधासाठी डॉक्टरांच्या मागे लागले. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेही, होईल तर हा दुःखाचा प्याला टळून जावो, असंच मागितलं. दुःखाची त्याला हौस नव्हती. तो वधस्तंभावर गेला तो आपल्यावरच्या प्रेमापोटी, आणि माझ्या समजुतीने तारण त्या प्रेमात आहे.

पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतातून उपाशी मुलींना पुण्याजवळच्या केडगावला घेऊन आल्या. भूक काय असते हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. १९२१ साली त्यांची एकुलती एक मनोरमा गेली. मुलगी गेल्याचं दुःख चांगलं होतं असं मी मेले तरी म्हणणार नाही. पण बायबलचं भाषांतर त्यांनी हातातून सोडलं नाही, आणि पुढच्याच वर्षी, ५ एप्रिलला, त्याही गेल्या.

आता एक गोष्ट, जी तुला ठाऊक नाही. आजीने जन्मभर सगळ्यांचं केलं, पण स्वतःचं कुणाला करू दिलं नाही. मी पाय धुवायला बसले की ती पाय आखडून घ्यायची. "तू सून आहेस, मोलकरीण नाहीस." योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू शिष्यांचे पाय धुवायला येतो, तेव्हा पेत्रही असाच अडून बसतो. आपण नेहमी गंगाळ घेऊन वाकलेल्या प्रभूची नम्रता सांगतो. पाय पुढे करायलाही तेवढंच लीन व्हावं लागतं, हे मला तिच्याजवळ बसून कळलं.

शेवटच्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी मी गंगाळ आणलं, आणि तिने आपणहून गोधडी बाजूला सारली. टाचा भेगाळलेल्या, घोटे सुजलेले. पाय पाण्यात सोडले आणि म्हणाली, "थोडं गरम घाल गं."

तुझी,
आई