डीव्हीडी रायटर बदलण्याआधी

पुणे

प्रिय अवधूत,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. आप्पांच्या कीर्तनांच्या डिस्क देवळातल्या मंडळींना आणि न्यू जर्सीला ताईकडे द्यायच्या आहेत, आणि नेमका आत्ताच रायटर बंद पडला. कोणता घेऊ, असं विचारलंस. सांगतो, पण आधी जुना खरंच गेलाय का ते बघ, कारण काही बिघाड नवा रायटर आणूनही तसेच राहतात.

ट्रे उघडत नसेल तर बहुतेक वेळा आतला छोटा रबरी पट्टा सैल झालेला असतो. मशीन बंद करून पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली यू-पिन हलकेच दाब, ट्रे थोडा बाहेर येईल. पट्टा बदलता येतो. सीडी वाचतो पण डीव्हीडी वाचत नाही, असं असेल तर मात्र आशा सोड. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० चा असे दोन वेगळे लेझर आत असतात. त्यातला एक गेला की दुरुस्तीला अर्थ नाही. वाचतो सगळं, पण राइट करताना मध्येच अडतो, तर आधी दुसऱ्या कंपनीची डिस्क घालून पाहा. लिहायला वाचण्यापेक्षा लेझरची ताकद कितीतरी जास्त लागते, त्यामुळे थकलेला लेझर आधी लिहिण्यातच हार खातो. तरीही निम्म्या वेळा दोष डिस्कचा निघतो.

तिसरी शक्यता विंडोजची. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) रायटर दिसतो, पण विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण आणि कोड १९ किंवा ३९ येतो, तर रायटर ठणठणीत आहे. काढून टाकलेल्या एखाद्या बर्निंग सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, ‘अप्परफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ अशा नोंदी मागे ठेवलेल्या असतात. त्या फक्त सीडी-डीव्हीडीच्या क्लासमधून (उपकरणांच्या गटातून) काढायच्या, त्याही आधी रजिस्ट्रीचा बॅकअप घेऊन. कीबोर्डच्या क्लासमध्येही ‘अप्परफिल्टर्स’ नावाची नोंद असते. ती चुकून उडवलीस तर कीबोर्डच बंद पडेल.

आता नवा. कंपनी आणि मॉडेल नंतर बघू. कॅबिनेटची बाजूची पत्री उघड आणि जुन्या रायटरची मागची बाजू पाहा. चपटी रुंद पट्टीसारखी केबल आणि चार जाड पिनांची पॉवर असेल तर तो आयडीई. बोटभरही रुंद नसलेली, एल आकाराच्या तोंडाची केबल असेल तर साटा. दुकानात आता नवा मिळतो तो साटाच. तुझा मदरबोर्ड आयडीईचाच असेल तर वापरलेला आयडीई रायटर घेऊ नकोस, त्याचा लेझर किती झिजलाय ते बाहेरून कळत नाही. बोर्डावर साटाची एखादी जागा मोकळी आहे का ते आधी बघ. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर दोन्ही असतात. नसेलच तर पीसीआय स्लॉटमध्ये साटाचं कार्ड बसतं.

एसएमपीएसला, म्हणजे संगणकाच्या पॉवर सप्लायला, साटाची पॉवर नसेल तर जोडणीची छोटी वायर मिळते. ती घेताना नीट बघ. प्लॅस्टिक ओतून बंद केलेल्या तोंडाच्या वायरी आत शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणं आहेत. वायर वेगळ्या वेगळ्या दाबून बसवलेल्या दिसतात, तशी घे.

यूएसबीचा बाहेरचा रायटर सोयीचा वाटतो, पण तुझ्या कामाला तो मला पटत नाही. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलीअँपिअर मिळायची हमी असते आणि डिस्क फिरायला लागताना याला त्याच्या दुपटीच्या आसपास लागतात. मग ड्राइव्ह टकटक करत राहतो आणि डिस्क वाया जाते. घ्यावाच लागला तर पुढच्या पोर्टला लावू नकोस, थेट मदरबोर्डवरच्या मागच्या पोर्टला लाव. कॅबिनेटमध्ये सव्वापाच इंचांचा कप्पा असताना आतलाच घे.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘२४ एक्स’ असा लिहिण्याचा वेग छापलेला असेल. त्यासाठी पैसे मोजू नकोस. तो वेग फक्त डिस्कच्या बाहेरच्या कडेला, शेवटी-शेवटी येतो आणि १६ एक्सच्या तुलनेत जेमतेम एक-दीड मिनिट वाचतं. डीव्हीडीचा एक एक्स म्हणजे सेकंदाला साधारण १.३८ एमबी. १६ एक्सवर पूर्ण डिस्क पाच-सहा मिनिटांत होते, आठ एक्सवर आठ-नऊ. आप्पांचं कीर्तन आठवरच लिही.

नावं हवीत तर एलजीचा जीएच२४एनएसडी१, आसुसचा डीआरडब्ल्यू-२४डी५एमटी आणि लाइट-ऑनचा आयएचएएस१२४. आसुसचा एम-डिस्क या जास्त टिकणाऱ्या डिस्कवरही लिहितो. मूळ प्रत वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर ते कामाचं. पण मिळाला तर मी तुला लाइट-ऑनच घे म्हणेन. लिहिलेल्या डिस्कवर किती चुका आहेत ते तो नीट मोजून दाखवतो, आणि डीव्हीडी प्लस आर जातीच्या कोऱ्या डिस्कला विकतच्या डिस्कसारखी ‘डीव्हीडी रॉम’ अशी ओळख देता येते, म्हणजे हट्टी जुने प्लेअरही ती स्वीकारतात. चिपळूणात नाही मिळाला तर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर विचार. सील तुटलेलं खोकं घेऊ नकोस.

रायटरइतकीच डिस्क महत्त्वाची. नोएडाला कारखाने असलेली मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली, तेव्हा त्या नावाची डिस्क समोर आली तर ती किती जुनी आहे ते विचार. खोक्यावरचं नाव आणि प्रत्यक्ष बनवणारा एकच असेल असं नाही. इमेजबर्न हे डिस्क लिहिण्याचं सॉफ्टवेअर उघडून कोरी डिस्क घातलीस की उजवीकडे तिचा, म्हणजे खऱ्या बनवणाऱ्याचा, आयडी दिसतो. ‘एमसीसी’ने (मित्सुबिशी केमिकल) सुरू होणारा दिसला तर निर्धास्त राहा. आधी दहाचा एकच डबा घे, दोन-तीन लिहून बघ, मग पन्नासचा.

बसवताना एम३ जातीचे, ५ मिलिमीटर लांबीचे चार स्क्रू लागतात. हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे स्क्रू जबरदस्तीने फिरवू नकोस, रायटरच्या पत्र्यातले आटे जातात. केबल मदरबोर्डच्या मुख्य चिपसेटच्या साटाला लाव. काही बोर्डांवर वेगळ्या चिपचे जादा पोर्ट असतात, त्यांच्याशी रायटरचं अनेकदा जमत नाही.

डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, विंडोज ४.३८ दाखवतं. मोजण्याची पद्धत वेगळी, जागा तेवढीच. दोन तासांचं कीर्तन बसवायचं तर आवाज धरून सेकंदाला ५ मेगाबिटच्या आत राहा. मोबाइलची फाइल जशीच्या तशी टाकलीस तर देवळातला प्लेअर ती ओळखेल याचा भरवसा नाही, डीव्हीडी-व्हिडिओ करूनच लिही. लिहून झाल्यावर ‘व्हेरिफाय’ होऊ दे आणि पहिली डिस्क प्रत्यक्ष त्याच प्लेअरवर लावून बघ.

ताईच्या प्रतीचं मात्र वेगळं आहे. रीजनची, म्हणजे विकतच्या डिस्क ठरावीक देशांतच चालाव्यात म्हणून घातलेल्या कुलपाची, काळजी करू नकोस, घरी केलेल्या डिस्कला रीजनचं कुलूप नसतं. अडचण पाल या आपल्याकडच्या टीव्ही-चित्राच्या पद्धतीची. आपल्याकडचं चित्र ५७६ ओळींचं आणि सेकंदाला २५ फ्रेमचं, त्यांच्याकडचं एनटीएससी ४८० ओळींचं. तिकडचे कित्येक प्लेअर पाल दाखवतच नाहीत. तिची डिस्क एनटीएससीत बनव, किंवा तिला संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये लावायला सांग. आणि तिने पाठवलेली तिकडची विकतची डिस्क तुझ्या नव्या रायटरमध्ये लावशील तेव्हा तो रीजन बदलू का विचारेल. असे बदल एकूण पाचच करता येतात, पाचवा केलास की रायटर त्याच रीजनला कायमचा अडकतो. आपला रीजन ५, अमेरिकेचा १.

कागदी लेबल चिकटवू नकोस. तुमच्याकडच्या पावसाळी हवेत ते फुगतं, डिस्कचा तोल जातो. मार्करने मधल्या पारदर्शक भागाजवळ नाव लिही आणि डिस्क कडक डब्यात उभ्या ठेव.

आज रात्री जुन्या रायटरच्या मागच्या बाजूचा आणि एसएमपीएसच्या मोकळ्या वायरींचा फोटो पाठव. आप्पांना साष्टांग नमस्कार.

तुझा,
मिलिंद