आईचं माहेरचं नाव

नेपरव्हिल, १६ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मायना बघूनच बाबा म्हणतील, "काहीतरी भानगड आहे." आहे. फोनवर चार वेळा सांगायला घेतलं, पण आई आधी "जेवलीस का?" विचारते, मग गुडघ्याचं, मग शेजारच्यांच्या बोअरचं, आणि माझी वेळ येईपर्यंत बाबा "ठेवतो, बिल येतं" म्हणून फोन ठेवतात. व्हॉट्सअॅपला बिल येत नाही हो बाबा. म्हणून पत्र.

मामाने थोडंफार सांगितलं असेलच. त्याच्या पोटात तीळ भिजत नाही. गेल्या महिन्यात मी त्याला फोन केला तेव्हा तुमच्याकडे पहाटेचे पाच वाजले होते. विचारलं काय, तर आईचं लग्नाआधीचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं. बँकेत लागतंय म्हणाले. खोटं होतं ते. त्याला माझ्या वतीने सॉरी म्हणा.

तर सांगते. मी इथला, अमेरिकेचा, सोशल सिक्युरिटी नंबर घेतला, नोकरी-पेन्शनसाठी सरकार देतं तो. पुण्याच्या ऑफिसला राजीनामाही मेल करून टाकला. दोन्ही होऊन गेलंय. विचारून करायला हवं होतं, मान्य आहे. पण विचारलं असतं तर तुम्ही दोघांनी "तुला बरं वाटेल ते कर" म्हटलं असतं आणि मग मला काहीच करता आलं नसतं.

आता त्यामागची गोष्ट ऐका. व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरताना त्यात एक प्रश्न होता, की सोशल सिक्युरिटी नंबर हवा का? हो म्हटलं की इकडे पोचल्यावर तीनेक आठवड्यांत कार्ड पोस्टाने दारात येतं, कुठे जायला नको. मी "नाही" केलं. तुमचे जावई व्हिडिओवर कपाळाला हात लावून बसले होते. मी त्यांना म्हटलं, नंतर बघू. मुंबईला बीकेसीत व्हिसाच्या मुलाखतीला गेलो तेव्हा बाबा माझी पिशवी छातीशी धरून अडीच तास फुटपाथवर उभे होते, आठवतंय? पिशवी आत नेऊ देत नाहीत म्हणून. त्यांना तसं बघितलं आणि वाटलं, बरं झालं "नाही" केलं. सहा महिन्यांसाठीच तर चाललोय. वर्षभर बाहेर राहिलं तर ग्रीन कार्डावर प्रश्न येतो म्हणून जाऊन यायचं, बिनपगारी रजा आहे, दिवाळीला परत. नंबर घेतला नाही म्हणजे मी पाहुणीच, असं मनाशी धरून बसले होते. दिवाळी तर होऊन गेली.

का घेतला ते सांगते, म्हणजे आई रात्री जागून कारणं शोधणार नाही. एक, इथे एका छोट्या कंपनीत हिशेबाचं काम मिळालं. पगार काढायला त्यांना तो नंबर लागतो. दोन, घरात बसून बसून मी भिंतींशी बोलायला लागले होते. तीन, लग्नाला तीन वर्षं झाली आणि त्यातलं एकत्र राहणं जेमतेम नऊ महिन्यांचं. आई, तूच म्हणाली होतीस ना, असा संसार पोस्टाने चालत नाही म्हणून? आणि चौथं कारण असं, की पुण्यात असते तरी मी पुण्यातच असते. ऑगस्टात तू न्हाणीघरात घसरलीस ते मला तिसऱ्या दिवशी कळलं, आणि मी पुण्यात असते तरी तुम्ही दोघांनी ते तिसऱ्याच दिवशी सांगितलं असतं. हे मी स्वतःला रोज समजावते. रोज पटतंच असं नाही.

बाबा, आता तुमच्यासाठी हा नंबर देणाऱ्या कचेरीचं वर्णन. तुम्ही दिलेली प्लॅस्टिकची फाइल घेऊन गेले होते. पुरात टीव्ही खाली राहिला आणि जी माळ्यावर गेली, तीच. आत तुमच्या पद्धतीने झेरॉक्सचे तीन सेट, प्रत्येकावर गोल शिक्का आणि "सत्यप्रत". पावती काढून बसले. नंबर आल्यावर काचेपलीकडच्या बाईंनी माझे तिन्ही सेट एकेक करून बघितले, शिक्क्यांवरून बोट फिरवलं आणि सगळे जसेच्या तसे परत केले. मूळ कागद दाखवा म्हणाल्या. झेरॉक्स चालत नाही, नोटरी केलेलीही नाही. आणि मी मूळ पासपोर्ट घरी कपाटात ठेवून गेले होते! तुम्हीच शिकवलंय ना, मूळ कागद घराबाहेर काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड घेऊन पुन्हा गेले. पंधरा मिनिटांत काम झालं. फी शून्य. बाहेर स्टॅम्पवाला नाही, एजंट नाही, चहाची टपरीही नाही. टपरी मात्र हवी होती.

फॉर्म साधा आहे. नाव, जन्मतारीख, जन्मस्थान. तिथे मिरज लिहिलं. सांगली लिहिते म्हटलं असतं तर आजी वरून ओरडली असती. मग त्यांनी माझं मधलं नाव वाचलं, सदाशिव, आणि विचारलं, हे तुमचंच नाव? म्हटलं, वडिलांचं. आमच्याकडे वडील आयुष्यभर नावाच्या मध्ये उभे असतात. त्या हसल्या. लग्नानंतर नाव बदलायचं नाही म्हणाले तेव्हा आई चार दिवस बोलली नव्हती माझ्याशी. त्या हट्टामुळे बाबा, आता अमेरिकन सरकारच्या कार्डावर पहिल्या ओळीत माझ्या नावाशेजारी तुमचं नाव छापलंय.

आणि मग ती ओळ. आईचं नाव, जन्माच्या वेळचं. नुसतं आईचं नाव विचारलं असतं तर सुनीता लिहून मोकळी झाले असते. फॉर्म घरी भरत होते, पेन तिथेच थांबलं. तुझं माहेरचं आडनाव माहीत होतं, पण नाव? मामाच्या घरी तुला सगळे शकूच म्हणतात, ते लाडाचं असेल असं मला चौतीस वर्षं वाटत होतं. मामाने फोनवर एकेक अक्षर सांगितलं, शकुंतला. म्हणाला, "लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं, आणि त्या दिवसापासून ती सुनीता." काळ्या शाईने, एका चौकटीत, मी तुझं ते नाव लिहिलं. गेल्या चाळीस वर्षांत ते कुठल्या सरकारी कागदावर आलं असेल असं वाटत नाही. आधारवर नाही, रेशन कार्डावर नाही, पासपोर्टवरही नाही. पुरावा कोणी मागितला नाही. लिहिलं की झालं.

कार्ड परवा आलं. फिकट निळा, नोटेसारखा कागद, दोन्ही बाजूंना खांब काढलेले, फोटो नाही, काही नाही. एवढं महत्त्वाचं कार्ड आणि दिसतं लॉटरीच्या तिकिटासारखं. खाली सही करायची. मी मराठीत केली, पासपोर्टवर आहे तशीच. आणि बाबा, हात आवरा, त्याला लॅमिनेशन करायचं नसतं. तुम्ही असतात तर संध्याकाळपर्यंत लाइट बिलाशेजारी प्लॅस्टिकमध्ये घालून टाकलं असतंत.

नंबर नऊ आकड्यांचा, आधी तीन, मग दोन, मग चार. एमएच-१० दिसली की "आपली गाडी" म्हणता ना, तसं इथेही होतं. १९३६ पासून कार्डं निघतात, आणि पहिल्या तीन आकड्यांवरून कुठल्या राज्यातून नंबर काढला ते कळायचं. २०११ पासून ते बंद केलं, आता आकडे कसेही येतात. म्हणजे माझ्या नंबरावरून मी कुठली ते कोणाला कळणार नाही. मला ते बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरत नाहीये.

पेन्शनचं विचारणार म्हणून आधीच सांगते. पगारातून ६.२ टक्के याच्यासाठी कापतात, कंपनीही तेवढेच भरते. वर्षाला जास्तीत जास्त ४ क्रेडिट मिळतात आणि ४० झाली की पेन्शनचा हक्क. म्हणजे दहा वर्षं. तुमच्या पीएफच्या पेन्शनला, ईपीएस-९५ ला, लागतात तेवढीच. आता "दहा वर्षं?" म्हणून चष्मा काढू नका. मी दहा वर्षं राहणार असं म्हणत नाहीये, नियम सांगतेय. भारताशी करार नाही, त्यामुळे तिथली आणि इथली वर्षं एकत्र धरत नाहीत. पुण्यातली माझी आठ वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून पीएफ कार्यालयातून स्कीम सर्टिफिकेट घेणार आहे. त्यात तुमची मदत लागेल. कारखान्यातल्या निम्म्या लोकांचे फॉर्म तुम्हीच भरलेत, एक माझा.

नंबर घेतला म्हणजे नागरिक झाले असं नाही, हेही आईला सांगा. पासपोर्ट अजून भारताचाच आहे.

इथे माझं काही अडत नाही. ज्वारीचं पीठ मिळतं, थोडं जुनं असतं, भाकरी कडेला फाटते, पण मिळतं. हिंग तू दिलेलाच पुरवून वापरतेय. भडंग संपले. मी सगळे एकटीने खाल्ले, जावयांना सांगितलं विमानात सांडले. घरात हिटर आहे, रात्री गोधडी घेते ती सवयीने. आजीच्या लुगड्यांची, डाव्या कोपऱ्यात जांभळं ठिगळ आहे ती. ताप आला की तू तीच अंगावर घालायचीस आणि त्या ठिगळावर माझं बोट फिरवत एक ते शंभर मोजायला लावायचीस. परवा कार्ड हातात घेऊन गादीवर बसले होते, तेव्हा लक्षात आलं, बोट त्या ठिगळावरच होतं.

बरं, आता कामाचं. बाबा, रक्त पातळ करायची गोळी "बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. डॉक्टरांनी बंद सांगितली तरच बंद. आई, तीन महिन्यांची साखर डिसेंबरात तपासायची, आणि तपासणीच्या आधी चार दिवस गोड सोडून रिपोर्ट सजवायचा नाही, त्या टेस्टला तीन महिन्यांचं सगळं कळतं. न्हाणीघरात धरायला दांडी बसवायची आहे, त्याचे पैसे पाठवलेत. त्या पैशांचा मिक्सर घेतलेला मला चालणार नाही. बाबांचं हयातीचं प्रमाणपत्र या महिन्यातच देऊन टाका, फोनला चेहरा दाखवून होतं, समोरच्या मुलाला हाक मारा.

आणि हे नीट वाचा. माझा नंबर तुम्हाला सांगत नाहीये, राग मानू नका. कार्डसुद्धा मी पर्समध्ये ठेवत नाही, इथली तशी रीत आहे. तुमची मुलगी अमेरिकेत पकडली गेली, पैसे पाठवा, व्हिडिओवरून हलू नका, असा फोन आला तर आधी फोन ठेवायचा. मग मला फोन. मग १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. बाबा, पोलिसाच्या वेशातला माणूस स्क्रीनवर दिसला तरी उभं राहून "साहेब" म्हणायचं नाही.

फेब्रुवारीत तीन आठवडे येतेय, तिकीट काढलंय, कामावर रजेचं आधीच बोलून ठेवलंय. उन्हाळ्यात तुम्ही दोघं या. कायमचं या म्हणत नाही. कृष्णेचं पाणी सोडून बाबा कुठे जाणार नाहीत, मला माहीत आहे. नदी इथेही आहे, गावातून वाहते, कडेने फिरायला फरसबंद रस्ता आहे. पूल आयर्विनच्या तोडीचा नाही, ते कबूल.

घड्याळ बदललंय, आता तुम्ही साडेअकरा तास पुढे आहात. रविवारी तुमच्या सकाळी आठला फोन करते, माझी शनिवारची रात्र असेल. आधी ओरडून घ्या, मग बोलू.

तुमची,
मनी

ता.क. आई, मामाने स्पेलिंगमध्ये के नंतर यू सांगितला, मी तसाच लिहिला. तू शाळेत कसं लिहायचीस? आणि आणखी एक, बाबा समोर नसताना सांगितलंस तरी चालेल. नाव बदललं तेव्हा तुला कोणी विचारलं होतं का?